प्लेगची लस करणारे हाफकिन

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे झाला. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. उंदीर मरायचे, मग माणसांच्या काखेत, जांघेत गाठी यायच्या. लोक घरं सोडून पळाले. हाफकिन यांनी मुंबईत रात्रंदिवस खपून लस केली. पण आधी टोचून घेणार कोण? १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, पण ते बरे झाले. मग हजारो लोकांनी लस घेतली.

१९०२ साली पंजाबात लस घेतलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. सगळा दोष हाफकिन यांच्यावर आला. त्यांचं काम सुटलं. १९०७ साली ते निर्दोष ठरले. १९३० साली ते वारले. मुंबईत परळला त्यांच्या नावाची संस्था आहे.

शाळेत नर्सबाई सुई टोचायला आल्या की मी आता पळत नाही.