गायनाचार्य पं. विष्णू दिगंबर पलुस्कर

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

नरसोबाच्या वाडीला गेलेल्या दत्तभक्तांना कुरुंदवाड माहीत असतेच. वाडीच्या शेजारचे हे जुने संस्थानी गाव. आपण धुळ्याहून एवढ्या लांब जातो, पादुकांचे दर्शन घेतो, पेढे बांधून घेतो आणि परतीची गाडी गाठतो. पण ज्या माणसामुळे आज घरोघरची मुलंमुली पेटीवर सारेगम वाजवतात, तो माणूस याच कुरुंदवाडचा, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

विष्णूबुवांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ चा. वडील दिगंबरपंत कीर्तनकार, त्यामुळे टाळ-मृदंग पाळण्यापासूनच कानावर. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकाम चालले असता तोंडाजवळ फटाका उडाला आणि डोळे भाजले, असे सांगतात. दृष्टी अधू झाली, शाळा सुटली. ज्या देवाच्या उत्सवाला पोर हौसेने गेले, तिथेच हे घडले. आईबापांना काय वाटले असेल! उपचारासाठी मुलाला मिरजेला नेले. डोळे पहिल्यासारखे झाले नाहीत, पण गळा चांगला आहे हे जाणत्यांच्या लक्षात आले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखे गुरू लाभले. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे ते हेच बुवा.

मिरजेच्या संस्थानिकांचा विष्णूबुवांवर लोभ होता. एका समारंभाचे निमंत्रण त्यांना आले, पण गुरुजींना नाही. कारण विचारले तर कळले, ते नुसते गवई म्हणून! ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली, अशी आठवण सांगितली जाते. त्या काळी गाणे राजेरजवाड्यांच्या करमणुकीचे. घरंदाज माणूस मुलाला गाणे शिकवीत नसे, मुलीला तर नाहीच.

१८९६ साली त्यांनी मिरज सोडली. खिशात पैसा नाही, नजर अधू. बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा अशी भ्रमंती झाली. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला, म्हणजे साध्या माणसालाही चार पैसे देऊन मानाने बसून गाणे ऐकता यावे. गिरनारच्या परिसरात एक साधू भेटला आणि त्याने उत्तरेकडे, पंजाबात जायला सांगितले, असेही म्हणतात. गिरनार म्हणजे दत्तप्रभूंचे स्थान. हा योग कोणाचा, ते भक्तांना वेगळे सांगायला नको.

५ मे १९०१ रोजी लाहोरात ‘गांधर्व महाविद्यालय’ सुरू झाले. संस्थानिकाच्या मर्जीवर नव्हे, लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या मिळकतीवर ते चालले. ठरलेला अभ्यासक्रम, स्वरलिपीची छापील पुस्तके, परीक्षा, प्रमाणपत्र. आज यात नवल वाटत नाही, पण त्या काळी विद्या गुरूच्या मर्जीने मिळे. शिष्य गुरुकुलासारखे तिथेच राहत. निर्व्यसनीपणाची शिस्त कडक. शृंगाराची पदे बाजूला ठेवून बुवांनी तुलसीदास, सूरदास, मीराबाई रागदारीत बसवले. मग आयाबायांनाही गाणे शिकायला संकोच उरला नाही.

काँग्रेसच्या अधिवेशनांत ‘वंदे मातरम्’ ते गात. १९२३ साली काकीनाड्याला अध्यक्षांनी त्यांच्या गाण्याला हरकत घेतली. बुवा थांबले नाहीत, गीत पूर्ण करूनच बसले. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमती आश्रमात गेले. दांडीयात्रेत गांधीजींबरोबर चाललेल्या मंडळींत तेही होते.

आता पैशाची बाजू. माझी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे माझे लक्ष तिकडे जातेच. १९०८ साली मुंबईत विद्यालय निघाले, पुढे स्वतःची मोठी इमारत उभी राहिली, पण कर्ज काढून. बुवा गावोगाव जलसे करून हप्ते भागवीत. हळूहळू त्यांचे मन रामनामाकडे वळले. भगवी वस्त्रे आली, जलसे कमी होऊन रामकथा वाढल्या. मिळकत घटली, व्याज मात्र थांबत नाही. १९२४ साली इमारतीचा लिलाव झाला. आमच्या वहीत अशा माणसापुढे थकबाकीदार एवढाच शेरा पडतो. बुवांनी नाशिकला पंचवटीत रामनाम आधार आश्रमात मुक्काम केला आणि शिकवणे, गाणे चालू ठेवले.

घरातही दुःख थोडे नव्हते. एकामागून एक मुले लहानपणीच गेली. १९२१ साली झालेला मुलगा तेवढा जगला. त्याचे नाव ठेवले दत्तात्रेय. ज्या दत्ताच्या उत्सवात दृष्टी गेली, त्याच दत्ताचे नाव उरलेल्या एकुलत्या मुलाला! मनात किंतु असता तर हे नाव ओठावर आले नसते.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत बुवांनी देह ठेवला. मुलगा अवघा दहा वर्षांचा. पण विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यास या शिष्यांनी गुरूची विद्या गुरुपुत्राला परत केली. आपल्या पिढीने ‘बैजू बावरा’ पाहिला आहे. १९५२ चा, नौशादांचे संगीत. अकबराच्या दरबारात तानसेन आणि बैजूचा सामना होतो, त्यात तानसेनसाठी उस्ताद अमीर खाँ गायले आणि बैजूसाठी हेच दत्तात्रेय विष्णू पलुस्कर. थिएटरात चार आणे देऊन बसलेल्या माणसानेही शास्त्रीय गाणे श्वास रोखून ऐकले. त्याआधी १९४३ मध्ये ‘रामराज्य’ चित्रपटाला संगीत देणारे शंकरराव व्यास, तेही बुवांचेच शिष्य. दत्तात्रेय मात्र १९५५ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेले.

बुवा गेले त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्याच्या परीक्षांना आपल्या खानदेशातली मुलेही बसतात. इमारत लिलावात गेली, विद्या गेली नाही. यंदा दत्तजयंतीला देवळात नातवंड पेटीवर बसले, तर त्याला या कुरुंदवाडच्या बुवांचे नाव जरूर सांगा. आणि पुढच्या खेपेला वाडीला गेलात, की वाट थोडी वाकडी करून कुरुंदवाडलाही जाऊन या.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥