वास्तू आणि वेळापत्रक : बाबासाहेबांच्या शिक्षणकार्याची एक बाजू

बोधिसत्त्व, परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे स्मरण करताना आपण त्यांच्या पदव्यांचा, ग्रंथांचा आणि राज्यघटनेचा उल्लेख करतो. तो यथार्थच आहे. परंतु बाबासाहेब हे शाळा-महाविद्यालये उभारणारे संस्थापकही होते. वर्ग कोठे भरवायचे, किती वाजता भरवायचे, विद्यार्थ्याने राहायचे कोठे, या प्रश्नांकडे त्यांनी किरकोळ व्यवस्थेचा भाग म्हणून कधीही पाहिले नाही. शाळेची इमारत आणि शाळेचे वेळापत्रक या दोहोंतून माणसाला आत घेता येते, तसेच बाहेरही ठेवता येते, हे सत्य त्यांनी लहानपणीच अनुभवले होते. निवासी शाळेच्या या स्मरणिकेत त्यांच्या चरित्राची ही बाजू मांडणे म्हणूनच उचित वाटते.

सातारा : वर्गातील जागा

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे बाबासाहेबांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर हे कुटुंब प्रथम दापोलीस व पुढे साताऱ्यास आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद झाली. महाराष्ट्रात हा दिवस आज विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

प्रवेश मिळाला, तरी वर्ग मात्र मिळाला नाही. इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या तरटावर या मुलाने बसायचे आणि शाळा सुटल्यावर ते तरट परत घरी न्यायचे, असा शिरस्ता होता. तहान लागली तर शिपायाने वरून ओतलेले पाणी प्यायचे. शिपाई नसला तर तहानलेलेच राहायचे. छप्पर एक होते, भिंतीही त्याच होत्या. त्या भिंतींच्या आत दुसरी एक भिंत उभी होती आणि कोणत्याही गवंड्याने ती बांधलेली नव्हती.

मुंबई : दोन वाजताची अभ्यासिका

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईस आले आणि परळच्या डबक चाळीतील एका खोलीत राहू लागले. स्वयंपाक, झोपणे, सरपण ठेवणे आणि अभ्यास हे सारे त्याच खोलीत होई. उशाशी जाते, पायाशी बांधलेली शेळी. त्या गर्दीत अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून रामजींनी वेळ बदलली. मुलाने लवकर झोपायचे. वडिलांनी रात्री दोनपर्यंत जागायचे, मग मुलाला उठवून त्याच्या जागी स्वतः आडवे व्हायचे. रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात पहाटेपर्यंत अभ्यास चाले. जागेची उणीव एका बापाने आपल्या झोपेने भरून काढली. पुढे वेळापत्रकाविषयी बाबासाहेबांनी जे केले, त्याचा पहिला धडा याच खोलीत गिरवला गेला.

एल्फिन्स्टन हायस्कुलातही भेद सुटला नाही. या विद्यार्थ्याला फळ्याकडे बोलावताच मुलांनी धावत जाऊन फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे उचलून घेतले, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. घरी निवांतपणा नसल्याने शाळा सुटल्यावर ते चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसत. तेथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांशी त्यांचा परिचय झाला. १९०७ साली ते मॅट्रिक उत्तीर्ण झाले, तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले भगवान बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. ज्याला घरी बसून वाचायला जागा नव्हती, त्याच्या हाती बुद्ध आले ते बागेतल्या ओळखीमुळे.

पुढे न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन येथे शिकताना ग्रंथालये हेच त्यांचे घर झाले. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधले, तेही ग्रंथसंग्रह नजरेपुढे ठेवूनच.

वतन : ज्याला वेळच नाही त्याची शाळा

आपल्या जिल्ह्याशी बाबासाहेबांचे नाते सांगताना हरेगावचा उल्लेख अपरिहार्य आहे. १६ डिसेंबर १९३९ रोजी श्रीरामपूर परिसरातील हरेगाव येथे महार-मांग वतनदारांची परिषद त्यांच्या उपस्थितीत झाली. तिचा विषय वतनाचा होता. परंतु शिक्षणाशी त्याचा संबंध फार जवळचा आहे.

वतनदार महाराच्या कामाला घड्याळ नव्हते. सरकारी कामाची हाक दिवसा येई, तशी रात्रीही येई. वतनदार हजर नसला तर घरातील दुसऱ्याला जावे लागे. मोबदला मात्र अनिश्चित आणि तुटपुंजा. ज्या घराचा अख्खा दिवस दुसऱ्याच्या मालकीचा आहे, त्या घरातील मुलाने शाळेची घंटा कोणत्या कानाने ऐकायची? १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडून बाबासाहेबांनी या गुलामगिरीवर बोट ठेवले होते. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला. तो पाहायला बाबासाहेब हयात नव्हते.

घरातील परिस्थिती शिक्षणाच्या आड येते, म्हणून मुलाला राहण्याचीच सोय करून द्यावी, हा विचार त्यांनी फार आधी कृतीत आणला होता. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या आरंभी सोलापुरात वसतिगृह सुरू केले. आजच्या निवासी शाळांची मुळे अशा वसतिगृहांत आहेत.

सिद्धार्थ : सकाळचे महाविद्यालय

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. बारमाही कारखान्यांतील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी कायद्याची दुरुस्ती १९४६ साली झाली, तिच्यामागे त्यांचे प्रयत्न होते. त्याच वर्षी, २० जून १९४६ रोजी, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय मुंबईत सुरू झाले. ही संस्था त्यांनी ८ जुलै १९४५ रोजी स्थापन केली होती.

सिद्धार्थचे पहिले वर्ग मरीन लाइन्सजवळच्या लष्करी बराकींत भरले. देखणी इमारत हाती येईपर्यंत थांबावे, असे संस्थापकांना वाटले नाही. त्यांनी आधी वेळ ठरवली. वर्ग सकाळी ठेवले, जेणेकरून विद्यार्थ्याला नंतर कचेरीत कामावर जाता यावे. कारकुनी करून घर चालवणारा तरुण त्यामुळे पदवीधर होऊ शकला. पुढे फोर्ट भागात इमारती मिळाल्या आणि त्यांना आनंद भवन, बुद्ध भवन अशी नावे लाभली. १९४७ साली सिद्धार्थ रात्रशाळाही निघाली. बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले त्या महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली सावित्रीबाईंसह कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालवली होती. तोच धागा येथे पुढे आला.

नागसेनवन

मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय अपुरी होती. म्हणून १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय सुरू झाले आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या वास्तूची कोनशिला बसवण्यात आली. हेच मिलिंद महाविद्यालय. प्रश्न विचारणारा राजा मिलिंद आणि उत्तरे देणारे भदन्त नागसेन यांच्या नावांनी महाविद्यालय आणि परिसर ओळखला जाऊ लागला. प्रश्न विचारण्याची ज्यांना शतकानुशतके मनाई होती, त्यांच्या मुलांसाठी याहून समर्पक नाव कोणते असणार?

येथील इमारतींच्या बांधकामात आणि झाडांच्या लागवडीत बाबासाहेबांनी जातीने लक्ष घातले. वर्गांबरोबर वसतिगृहे उभी राहिली. १९५५ साली मिलिंद बहुउद्देशीय हायस्कूल निघाले. गोदावरी ओलांडून आपल्या जिल्ह्यातील मुलेही या परिसरात शिकायला गेली आणि त्यांतील अनेकांनी परत येऊन गावोगावच्या शाळांत खडू हाती घेतला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. तरटावर बसवलेल्या विद्यार्थ्याने आपल्यामागे असे वर्ग ठेवले, जेथे कोणालाही वेगळे बसावे लागत नाही.

आपल्यापुढचे काम

माजी विद्यार्थी आणि पालक बंधुभगिनींनो, आज आपल्या शाळांना पक्क्या इमारती हव्यात, प्रयोगशाळा हव्यात, स्वच्छ पाण्याची व शौचालयांची सोय हवी. त्यासाठी आपण दान देतो आणि दिलेच पाहिजे. मात्र नवी खोली बांधताना किंवा तासिकांची वेळ बदलताना एक प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घेऊ : या बदलाने कोण आत येईल आणि कोण बाहेर राहील? पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. त्यांच्या मुलांचे वर्ष शाळेच्या दिनदर्शिकेत बसत नाही. वसतिगृहातील एक खाट आणि संध्याकाळचा एक अभ्यासवर्ग अशा मुलाचे वर्ष वाचवतो. आईवडील फडावर असताना मुलगी शाळेत टिकते, ती याच व्यवस्थेमुळे.

रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागत राहिले. आपल्या मुलांसाठी समाज म्हणून आपण किती जागे आहोत, याचे उत्तर इमारतीच्या कोनशिलेवर सापडणार नाही. ते वर्गाच्या हजेरीपटावर सापडेल.

नमो बुद्धाय! जय भीम!