विषाणू, उंदीर आणि कमल रणदिवे

मर्केल पेशींचा त्वचाकर्करोग दुर्मीळ, पण घातक. त्यात २००८ मध्ये एक विषाणू सापडला. त्याची ‘टी’ प्रथिने पेशीच्या वाढीला लगाम घालणारे ‘आरबी’ प्रथिन अडकवून ठेवतात आणि पेशी मोकाट वाढते. गंमत म्हणजे हा विषाणू बहुतेकांच्या त्वचेवर निमूट राहतो. मग गाठ मोजक्यांनाच का?

असाच प्रश्न उंदरांतील विषाणूबाबत डॉ. कमल रणदिवे यांना पडला होता. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या कमल समर्थ यांनी डॉक्टर व्हावे, ही वडिलांची इच्छा. लेक वळली वनस्पती आणि प्राणिशास्त्राकडे. लग्नानंतर मुंबईत डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच.डी. झाली. अमेरिकेत जॉर्ज गे यांच्याकडे शिकून परतल्यावर त्यांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात शरीराबाहेर पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली.

उंदरांत स्तनकर्करोगाचा विषाणू आईच्या दुधातून पिलांत जातो. पण तेवढ्याने गाठ येतेच असे नाही. आनुवंशिकता आणि संप्रेरकांचाही त्यात वाटा असतो. उंदरांच्या पिढ्यान् पिढ्या पाळून रणदिवे यांनी हे नाते तपासले. फार चिकाटीचे काम! पुढे त्या केंद्राच्या संचालक झाल्या. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले.

निवृत्तीनंतरही त्या थांबल्या नाहीत. १९८९ मध्ये, आपल्या इगतपुरी-सिन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात, आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती त्या गोळा करत होत्या. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. मर्केलचा विषाणू सापडायला अजून सात वर्षे होती.