मलिक अंबर आणि त्याची नहर

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही ओढ्याचे पाणी नेहमी पाहता. पावसाळ्यात ते गढूळ असते. उन्हाळ्यात साचलेले पाणी हिरवे दिसते. हा हिरवा रंग शेवाळाचा असतो. पाण्याची काळजी घेणाऱ्या एका थोर माणसाची गोष्ट आज आपण वाचू या.

सुमारे १५४८ मध्ये हबश देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात, एक मुलगा जन्मला. लहानपणीच त्याला गुलाम म्हणून विकण्यात आले. बगदादच्या बाजारातून तो पुढे दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर चंगेजखान याने त्याला विकत घेतले. चंगेजखान स्वतःही हबशी होता. त्याच्याजवळ राहून हा तरुण राज्यकारभार शिकला. मालकाच्या मृत्यूनंतर तो गुलामीतून मुक्त झाला. हाच मलिक अंबर होय.

१६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला जिंकला, पण अंबरने हार मानली नाही. त्याने निजामशाही सावरली आणि गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणले. १६१० मध्ये त्याने खडकी गावी नवे शहर वसवले. येवल्याहून वैजापूरमार्गे पूर्वेला गेले की हे शहर लागते. पुढे त्याचे नाव औरंगाबाद झाले. आज ते छत्रपती संभाजीनगर आहे.

नव्या शहराला पाणी कोठून आणायचे? शहराच्या उत्तरेला डोंगर आहेत. अंबरने तेथे जमिनीत झिरपणारे पाणी गोळा केले. ते जमिनीखालच्या नहरीतून, उताराच्या साहाय्याने, शहरात आणले. त्यासाठी मोट लागली नाही की बैल लागले नाहीत. मध्ये मध्ये विहिरीसारखी तोंडे ठेवली होती. त्यांतून माणूस आत उतरून गाळ काढू शकत असे. या कामाला नहर-ए-अंबरी म्हणतात.

मुलांनो, शेवाळाला वाढण्यासाठी सूर्यप्रकाश लागतो. झाकलेल्या नहरीत ऊन पोहोचत नाही, म्हणून तेथे शेवाळ वाढत नाही. वरचा केरकचराही आत पडत नाही. अंबरला शेवाळाचे शास्त्र माहीत नव्हते. १६२६ मध्ये तो वारला. त्यानंतर १६७४ मध्ये हॉलंडच्या लेवेनहुक याने तळ्यातील हिरवे धागे प्रथम भिंगातून पाहिले. तरी पाणी झाकून आणावे आणि नहर साफ करता यावी, एवढे अंबरने जाणले होते.

१६१६ मध्ये मोगल फौजेने खडकीची नासधूस केली.  पुढे कित्येक पिढ्या शहर नहरीचे पाणी प्याले. मग शहर वाढले, नहरीवर बांधकामे झाली आणि तिचे काही भाग बुजले. शत्रूने जे केले नाही, ते आपल्या दुर्लक्षाने केले.

आपल्या येवल्याला पालखेडच्या कालव्याचे पाणी मिळते. ते उघड्या तलावात साठवले जाते, म्हणून तेथे लक्ष ठेवावे लागते. थोडे शेवाळ वाईट नाही. ते मासे आणि पाण्यातील लहान जीव खातात. पण सांडपाणी आणि शेतातील खत पाण्यात मिसळले की शेवाळ फार वाढते. ते कुजू लागले की पाण्यातील प्राणवायू कमी होतो आणि मासे मरतात. काही जातींचे शेवाळ विषारीही असते. म्हणूनच महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ गोदावरीसारख्या नद्यांचे पाणी वेळोवेळी तपासते.

तुम्हीही एक काम करू शकता. गुरुजींबरोबर ओढ्यावर जा. दर महिन्याला काचेच्या स्वच्छ बाटलीत पाणी घ्या. त्याचा रंग आणि वास वहीत लिहा. मागच्या महिन्याच्या नोंदीशी ताडून पाहा. मात्र ते पाणी पिऊ नका. पाणी हिरवे होत असेल, तर वर कोठून घाण येते ते शोधा आणि मोठ्यांना सांगा.

मलिक अंबरची कबर खुलताबादला आहे. तेथे सहलीला गेलात, तर त्याच्या लढायांबरोबर त्याची नहरही आठवा. गुलाम म्हणून आलेल्या या माणसाने परक्या मुलखाला आपले मानले आणि तेथील लोकांना स्वच्छ पाणी दिले. ते स्वच्छ ठेवणे आता आपले काम आहे.