परतीची वाट न ठेवणारा प्रवासी : फ्रिट्यॉफ नान्सेन

आपल्या सावरगावच्या मुलांना बर्फ ठाऊक आहे तो उसाच्या रसातला, नाहीतर एखाद्या वर्षी संत्र्यांच्या बागांवर कोसळणाऱ्या गारांचा. जमीन, झाडे, घरांची छपरे आणि वाटा महिनोन्‌महिने हिमाखाली झाकल्या जातात अशा देशात माणसे रानातून हिंडतात तरी कशी, हा प्रश्न म्हणूनच आपल्या मनात सहसा येत नाही. नॉर्वेतील लोकांनी त्याचे उत्तर हजारो वर्षांपूर्वी शोधून काढले. पुढचे टोक वर वळलेल्या, लांब व अरुंद अशा दोन लाकडी पट्ट्या पायांना बांधावयाच्या आणि हिमात न रुतता त्यांवरून सरकत जावयाचे. या पट्ट्यांना ‘स्की’ म्हणतात. शेतकऱ्यांचे व शिकाऱ्यांचे हे साधन ज्याच्यामुळे जगभर गाजले, त्या फ्रिट्यॉफ नान्सेनचे हे चरित्र.

नान्सेनचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी क्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लो शहराजवळील स्टोअर फ्रोएन येथे झाला. वडील बाल्डूर हे वकील, शिस्तीचे व धर्मनिष्ठ. आई अ‍ॅडलेड मोठ्या घराण्यातली, पण स्की चालविण्यात तरबेज. खानदानी स्त्रीला हा नाद शोभत नाही, या लोकमताची तिने पर्वा केली नाही. घरापासून जवळच नॉर्डमार्काचे अरण्य होते. डोंगर, तळी आणि स्प्रूस व पाइन यांची घनदाट झाडी. मुलगा नीट चालू लागतो न लागतो तोच त्याच्या पायांत स्की आल्या.

हिवाळ्याच्या आरंभीचे रान ही त्या मुलांची खरी पाठशाळा. भर हिवाळ्यात हिमाचा थर जाड व घट्ट असतो, त्यावरून कोणीही धावेल. पहिले हिम मात्र फसवे. वरून सारे शुभ्र आणि सारखे दिसते. खाली मुळे, धोंडे व न गोठलेली दलदल तशीच दडलेली असते. हवा किंचित उबदार झाली की ओले हिम लाकडाला गोळ्यागोळ्यांनी चिकटते आणि स्की सरकेनाशी होते. आमच्या समुद्रकाठी भुसभुशीत वाळूतून चालणाऱ्याला पाऊल टाकण्याआधी वाळूचा अंदाज घ्यावा लागतो. तसाच हा प्रकार. फ्रिट्यॉफ त्या रानात दिवसचे दिवस एकट्याने काढी. दहा वर्षांचा असताना आईवडिलांची आज्ञा मोडून त्याने हूसेबीच्या टेकडीवरून उडी मारली आणि तो डोके खाली करून कमरेपर्यंत हिमात रुतला. मानच मोडावयाची, ती वाचली! पुढे स्कीच्या राष्ट्रीय शर्यती त्याने अनेकदा जिंकल्या.

विद्यापीठात त्याने प्राणिशास्त्र निवडले. १८८२ मध्ये सील माशांच्या शिकारीस निघालेल्या जहाजावरून त्याला ग्रीनलंडचा किनारा प्रथम दिसला. त्याच वर्षी तो बर्गेनच्या संग्रहालयात लागला. मज्जातंतूंवरील त्याचे संशोधन मोलाचे ठरले; पण सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या या तरुणाचे मन डोंगरात असे. १८८४ च्या हिवाळ्यात क्रिस्तियानियाला स्कीची स्पर्धा आहे असे कळताच तो भर थंडीत स्कीवरून पर्वत ओलांडून तेथे गेला आणि पर्वत ओलांडूनच परत आला.

ग्रीनलंडचा अंतर्भाग तोपर्यंत कोणी आरपार ओलांडला नव्हता. नूर्डेनशोल्ड आणि पीअरी हे दोघे वस्ती असलेल्या पश्चिम किनाऱ्यावरून आत शिरले होते आणि माघारी आले होते. नान्सेनने उलट विचार केला. निर्जन पूर्व किनाऱ्यावर उतरावयाचे. मागे अन्न नाही, निवारा नाही, जहाज नाही. मग जगावयाचे तर पश्चिमेकडेच चालावे लागेल. जाणत्या लोकांनी याला वेडेपणा म्हटले, राष्ट्राच्या संसदेने पैसा नाकारला. ऑगस्टिन गामेल नावाच्या डॅनिश व्यापाऱ्याने बराचसा भार उचलला. उरलेला पैसा मुख्यतः विद्यार्थ्यांनी थोडाथोडा करून जमविला.

याला निव्वळ धाडस म्हणणे मला पटत नाही. ज्याने माणसे निवडताना स्कीवरील कसब पाहिले, हलक्या घसरगाड्या मुद्दाम बनवून घेतल्या आणि तंबू, कपडे, चूल अशी एकेक वस्तू स्वतः पारखली, त्याने परतीची वाट विचारपूर्वकच सोडली होती. तथापि सोबतचे पाच जीव त्याच्या या हिशेबावर टांगलेले होते, हेही विसरता येत नाही. त्यांत ओटो स्वेर्ड्रुप हा पुढे स्वतः नामवंत झालेला दर्यावर्दी होता. साम्युएल बाल्टो व ओले राव्ना हे दोघे सामी जमातीचे होते.

१७ जुलै १८८८ रोजी सहाही जणांनी जहाज सोडले. पण समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाने होड्या अडविल्या आणि प्रवाहाने त्यांना दूर दक्षिणेकडे ओढून नेले. पुन्हा उत्तरेकडे वल्ही मारीत येऊन खरी चढण सुरू झाली ती १५ ऑगस्टला. आरंभी बर्फ इतके चढाचे व भेगाळलेले होते की स्की पाठीवरच राहिल्या; सप्टेंबर लागल्यावर त्या पायांत आल्या. २७१९ मीटर उंची गाठली गेली. रात्री पारा उणे ४५ अंशांपर्यंत उतरे, आणि अशा थंडीत हिमाचे कण वाळूसारखे कोरडे होऊन स्कीला धरून ठेवीत. बरोबरच्या सुक्या मांसात चरबी नव्हती; लोण्याच्या लहानशा तुकड्यासाठी माणसांचा जीव तळमळत असे. उताराला वारा मागून आला तेव्हा घसरगाड्यांना शिडे बांधली गेली.

पश्चिमेच्या खाडीशी पोहोचल्यावर पुढे जावयास नाव नव्हती. तंबूचे कापड विलोच्या फांद्यांवर ताणून त्यांनी एक होडी केली. तिला होडी म्हणण्यास आमच्याकडचा कोणी खारवी धजला नसता! तीत बसून नान्सेन व स्वेर्ड्रुप ३ ऑक्टोबरला गोडथाबला, म्हणजे आजच्या नूकला, पोहोचले. चढण सुरू केल्यापासून ४९ दिवस झाले होते. तेथील अधिकाऱ्याने त्याचे अभिनंदन केले ते डॉक्टरेट मिळाल्याबद्दल. ती गोष्ट त्या क्षणी त्याच्या ध्यानीमनीही नव्हती. सहाही जण सुखरूप राहिले. परतण्यास जहाज नसल्यामुळे सात महिने तेथेच काढावे लागले. त्या काळात तो तेथील इनुइट लोकांत मिसळला, त्यांच्याकडून कयाक चालविण्यास शिकला. १८९० साली त्याचा प्रवासग्रंथ निघाला आणि तो वाचून मध्य युरोपातील माणसे आल्प्सच्या उतारांवर स्की घेऊन जाऊ लागली.

१८८९ मध्ये त्याने एव्हा सार्स या गायिकेशी विवाह केला. त्या दोघांच्या पहिल्या भेटीची हकिकत मोठी गमतीची सांगतात. रानातल्या वाटेवर त्याला हिमातून वर आलेले दोन पाय दिसले; ओढून काढले तो ही हिमाने माखलेली एव्हा! तीही त्याच्या आईसारखी स्कीवर निष्णात होती.

१८९३ ते १८९६ ची ‘फ्राम’ जहाजाची उत्तर ध्रुवाकडील सफर विश्रुतच आहे. नान्सेन व यालमार योहान्सेन हे दोघे १८९५ मध्ये जहाज सोडून स्कीने व कुत्र्यांच्या गाड्यांनी उत्तरेस ८६ अंशांपलीकडे गेले. तेथवर त्यापूर्वी कोणीही पोहोचले नव्हते.

पहिल्या महायुद्धानंतर साठीला टेकलेल्या या माणसापुढे निराळेच काम आले. परक्या मुलखात अडकलेले चार लाखांहून अधिक युद्धकैदी त्याने राष्ट्रसंघाच्या वतीने घरी पोहोचविले. पण रशियातून परागंदा झालेल्या लक्षावधी लोकांना परत जाण्यास घरच नव्हते. कोणतेही राष्ट्र त्यांना आपले म्हणत नव्हते. कागद नाही म्हणून सीमा ओलांडता येत नव्हती. ज्याने एकदा आपण होऊन परतीची वाट सोडली होती, त्याच्याकडे आता ती वाट हिरावली गेलेली माणसे आली. १९२२ मध्ये त्यांच्यासाठी त्याने ओळखपत्र निर्माण केले. पन्नासांवर राष्ट्रांनी ते मानले. त्याच वर्षी त्याला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती रक्कम त्याने संकटग्रस्तांसाठी दिली.

१३ मे १९३० रोजी नान्सेन निवर्तला. १७ मे या नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनी त्याची अंत्ययात्रा निघाली. त्या वेळी कितीतरी माणसे त्याच्या नावाचा तो कागद खिशात बाळगून युरोपभर वावरत होती. सीमेवर अधिकाऱ्याने विचारताच ती ‘नान्सेन पासपोर्ट’ पुढे करीत.