वाटाण्याचा अंकुर आणि दादासाहेब फाळके

मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा फ्रेंच मूकपट पाहिल्यावर दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांना सिनेमाने झपाटले. रोज तासन्‌तास चित्रपट पाहणे, त्यात अपुरी झोप. ताणामुळे काही काळ त्यांना दिसेनासेच झाले. नेत्रतज्ज्ञ डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी परतली.

१९१२ मध्ये त्यांनी लंडनहून कॅमेरा आणला. भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर त्याची वाढ थोडी थोडी टिपली. पडद्यावर अंकुर पाहता पाहता वेल झाला. डोळ्यांना न जाणवणारी संथ वाढ दाखवणारे हेच टाइम-लॅप्स तंत्र. त्यावर कर्ज मिळाले आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.