एका पेशीची चूक

मी बँकेत होतो तेव्हा आमच्या शाखेचे हेड कॅशियर स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेले. सुपारीचंही व्यसन नसलेला माणूस. सांत्वनाला आलेल्यांपैकी कुणीतरी मागच्या जन्माच्या पापाचा विषय काढला. वहिनींनी मान खाली घातली. मीही गप्प बसलो.

पुढे निवृत्तीनंतर थिओडोर बोवेरींविषयी वाचलं आणि ते गप्प बसणं मनाला टोचू लागलं.

बोवेरींचा जन्म १२ ऑक्टोबर १८६२चा, जर्मनीतल्या बाम्बर्गचा. ते प्राणिशास्त्रज्ञ. १८९३ पासून व्युर्त्सबुर्गला प्राध्यापक. नेपल्सच्या समुद्रकाठच्या प्रयोगशाळेत ते सी-अर्चिन या काटेरी समुद्रजीवाची अंडी न्याहाळत. एका अंड्यात दोन शुक्रजंतू शिरले, की गुणसूत्रांची वाटणी बिघडे. एका पेशीला कमी, दुसरीला जास्त. असे गर्भ बहुधा विद्रूप होऊन मरत. प्रत्येक गुणसूत्राचं काम वेगळं असतं, हे त्यांनी १९०२ साली यावरून दाखवलं.

१९१४ साली त्यांनी छोटंसं पुस्तक लिहिलं. कॅन्सर एकाच पेशीपासून सुरू होतो; वाढीला आवर घालणारी गुणसूत्रं हरवली, की ती पेशी बेबंद वाढते, असा त्यांचा तर्क होता. पुरावा हाती नव्हता आणि प्रकृतीही ढासळली होती. त्यापायीच १९१३ साली बर्लिनच्या नव्या संस्थेचं संचालकपद त्यांनी नाकारलं होतं. १५ ऑक्टोबर १९१५ रोजी, त्रेपन्नावा वाढदिवस होऊन तीनच दिवस झाले असताना ते वारले. त्यांच्या अमेरिकन पत्नी मार्सेला, स्वतः जीवशास्त्रज्ञ. त्यांनी ते पुस्तक इंग्रजीत आणलं. १९२९ साली ते प्रसिद्ध झालं.

१९९६ साली अमेरिकेतल्या संशोधकांना स्वादुपिंडाच्या गाठींत १८ व्या गुणसूत्रावरचं एक जनुक सापडलं. त्याचं काम वाढीला आवर घालण्याचं. अशा सुमारे निम्म्या गाठींत ते हरवलेलं किंवा निकामी असतं. दहातल्या नऊ गाठींत केरास हे दुसरं जनुक बिघडून वाढीचा हुकूम सतत चालू ठेवतं. म्हणजे ब्रेक गेलेला आणि अ‍ॅक्सिलरेटर अडकलेला.

तंबाखूने धोका वाढतो, हे खरंच. पण पेशी दुभंगताना निव्वळ नकलेतही चुका होतात. लेजरमध्ये एक आकडा चुकला, की तीच शिल्लक पुढच्या पानावर ओढली जाते, हे आम्हा बँकवाल्यांना कुणी शिकवायला नको. त्यात खातेदाराचं पाप कुठलं?

एवढं वहिनींना सांगायला हवं होतं. मला हे कळलं तेव्हा त्याही राहिल्या नव्हत्या.